रोमचे दिग्दर्शक आणि रक्ताचा शेवटचा थेंब

जिच्या कृपेने अबोलाला वाचा फुटते आणि वाचाळालाही क्वचित गप्प बसण्याची सद्बुद्धी होते, त्या जगदंबेला प्रथम वंदन. तिच्या दारी पहारा करणाऱ्या विघ्नहर्त्यालाही वंदन. त्याला वगळून आमच्याकडे काहीही सुरू होत नाही, आणि त्याला स्मरूनही पुष्कळदा वेळेवर सुरू होत नाही.

आज घटस्थापना. घट बसवून उठतो तोच रोमहून निरोप आला की माझे एक मित्र, व्यवसायाने चित्रपट-दिग्दर्शक, शांतपणे झोपेत निवर्तले. निरोप त्यांच्या कन्येचा. तिने पुढे विचारले होते, "तुमच्या पद्धतीने त्यांच्यासाठी काही करता येईल का?" ज्या गृहस्थांनी हयातभर मेलेल्यांना थडग्यातून उठवून चालायला लावले, त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी कोणता विधी करावा, हे मला अवगत असलेल्या कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. म्हणून हे लेखन. यालाच तर्पण समजावे.

संस्कृतच्या अध्यापनातून निवृत्त झाल्यावर, दोन हजार दहानंतरच्या दशकातील काही वर्षे, मी सिंगापूरला मुलाच्या घरी काढली. मुलगा एका बँकेच्या संगणक विभागात, सून हिशेब तपासणाऱ्या कंपनीत, नात इंग्रजी शाळेत. सकाळी तिघे तीन दिशांना गेले की मरीन परेड भागातील आमच्या कॉन्डोमध्ये, म्हणजे कुंपणबंद गृहसंकुलात, मी, देव आणि धुण्याचे यंत्र एवढेच उरत असू. तेथे पूजेच्या फुलांची मोठी पंचाईत. अंगणात चाफा उत्तम होता. परंतु व्यवस्थापनाचा नियम असा की फुले तोडू नयेत, पडलेली घेण्यास हरकत नाही. आता जमिनीवर पडलेले फूल देवाला चालत नाही, आणि झाडावरचे फूल व्यवस्थापनाला चालत नाही. दोन्ही सत्तांचा मान राखून मी एक तोड काढली होती. धुतलेला पंचा झाडाखाली अंथरावयाचा आणि शेजारच्या बाकावर नामस्मरण करीत, फूल आपण होऊन त्यावर पडण्याची वाट पाहावयाची.

असाच बसलो असता एके दिवशी गवती टोपी घातलेले एक गोरे वृद्ध येऊन उभे राहिले.

"काय करता?" त्यांनी विचारले.

"वाट पाहतो."

"कशाची?"

"फुलाची."

त्यांनी वर झाडाकडे पाहिले, भिंतीवरच्या पहाऱ्याच्या कॅमेऱ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "झाड हलवा. तो कॅमेरा पोहण्याच्या तलावाकडे पाहतो आहे. तुम्ही त्याच्या चौकटीत नाही."

"देवाला दिसते."

"असे? त्याचा कॅमेरा कुठे बसवला आहे?" हे त्यांनी कुचेष्टेने नव्हे, निव्वळ धंद्याच्या कुतूहलाने विचारले. मग ते माझ्या शेजारी बसले, आणि त्यानंतर रोज बसू लागले.

त्यांची कन्या हार्बरफ्रंटला एका जहाज कंपनीत अधिकारी होती. पत्नी गेल्यावर तिने वडिलांना रोमहून येथे आणले होते. म्हणजे त्यांचीही अवस्था माझ्यासारखीच, मुलांनी सोबत आणलेल्या सुस्थितीतील सामानाची. त्यांचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी, दोन्ही लंगडी. परंतु दोन लंगड्यांची चाल जुळते. ते मला 'प्रोफेस्सोरे' म्हणत. मी त्यांना 'महाशय' म्हणे. फूल पडेपर्यंत ते आपले चरित्र सांगत, आणि चाफा तेथे फार सावकाश पडत असे.

ते शिंप्याचे पुत्र. तरुणपणी रोमच्या चित्रनगरीत विजेच्या तारा उचलण्यापासून त्यांनी आरंभ केला. त्या काळी तेथे पौराणिक चित्रपटांची चलती होती. तेलाने माखलेले पैलवान आखूड वस्त्रे नेसून पुठ्ठ्याचे खांब पाडीत. हे खांब पाडण्यापूर्वी उभे करणाऱ्यांत महाशय होते. पुढे पाडा म्हणून सांगणाऱ्यांत गेले. लोक पैलवानांना विटले तेव्हा निर्मात्यांनी त्याच पैलवानांना विजारी नेसवून घोड्यावर बसवले. मग स्पेनमधील एका उजाड माळाला अमेरिका ठरवून महाशयांनी बंदुकवाल्यांचे चित्रपट काढले. लोक त्यांनाही विटले तेव्हा पोलीस. पोलिसांना विटले तेव्हा भुते. भुतांना विटले तेव्हा माणसे खाणारी माणसे. मी कानांवर हात ठेवले.

"ती काय खात?" न राहवून मी विचारले.

"डुकराचे काळीज. कच्चे. नट तक्रार करीत."

मी सचैल स्नानाचा विचार करीत बाकावर थोडा सरकलो. सांगण्यासारखी गोष्ट अशी की चित्रपटांवर त्यांचे नावही नसे. स्वदेशी माणसाने काढलेला अमेरिकन चित्रपट त्यांचे स्वदेशी लोक पाहत नसत. म्हणून निर्मात्याने त्यांना एक साहेबी नाव देऊन टाकले होते. मला हे ऐकून परदेशात आल्यासारखे वाटलेच नाही.

त्यांच्या चित्रपटांत नट चार देशांचे असत आणि एकाला दुसऱ्याची भाषा येत नसे. तेव्हा चित्रीकरणात आवाज घेतच नसत. संवाद पाठ नसेल त्याने कॅमेऱ्यापुढे एक, दोन, तीन असे आकडे म्हणावयाचे, ओठ हलवावयाचे. शब्द नंतर दुसरे कोणी घालीत असे. "एका नटीने माझ्या चित्रपटात चाळीसपर्यंत मोजून प्रेम केले आहे," महाशय म्हणाले. "प्रेक्षक रडले."

एकाच गोष्टीविषयी त्यांनी विनोद केला नाही. निर्माते त्यांच्या चित्रपटांचे शेवट बदलीत. जर्मनीत नायक जगे, फ्रान्समध्ये मरे, अमेरिकेत लग्न करी. "कथा माझ्या, मारामाऱ्या माझ्या, धूर माझा," ते म्हणाले. "शेवट एकाचाही माझा नाही. प्रोफेस्सोरे, मला एकदा, कितीही लहान असो, काहीतरी करायचे आहे, ज्याच्या शेवटाला कोणी हात लावणार नाही. मग मी जायला मोकळा."

ही इच्छा पूर्ण होण्याचा योग आला असे आम्हाला मध्यंतरी वाटले होते. तेथील चित्रपटप्रेमी तरुणांच्या एका मंडळाला शोध लागला की हा महापुरुष मरीन परेडमध्ये राहतो. त्यांनी लगेच गौरवसमारंभ ठरवला. महाशय मला सोबत घेऊन गेले. त्यांचा जुना भुतांचा चित्रपट दाखवण्यात आला. मी डोळे मिटून स्तोत्र म्हणत होतो, त्यामुळे त्याविषयी अधिकाराने काही सांगू शकत नाही. नंतर प्रश्नोत्तरे झाली.

जाड चष्म्याच्या एका विद्वानाने विचारले, "स्मशानाच्या दृश्यात कॅमेरा थरथरतो. ती आधुनिक मानवाच्या अस्तित्वाची भीती आहे ना?"

"कॅमेरामनला हिवताप होता," महाशय म्हणाले.

"आणि तेच वठलेले झाड पुन्हा पुन्हा येते, ते काळाच्या चक्राचे प्रतीक?"

"आमच्याकडे एकच झाड होते."

प्रत्येक उत्तराला टाळ्या पडल्या. ते खरे बोलत आहेत हे कोणाला पटेचना. नम्रता म्हणून सर्वांनी ते मान्य केले. शेवटी त्यांना काचेचे स्मृतिचिन्ह देण्यात आले. ते हातात धरून महाशय म्हणाले, "आभारी आहे. आता मला एक कॅमेरा आणि तुमच्यापैकी चारजण द्या. सोमवारपासून सुरू करू." सभागृह हसून लोटपोट झाले. ज्यांनी त्यांना युगप्रवर्तक म्हटले होते, त्यांपैकी एकालाही सोमवारी सवड नव्हती.

मला या प्रकाराचे नवल वाटले नाही. संस्कृत ही सर्व भाषांची जननी, असे सांगून माझ्या खांद्यावर शाल घालणारे यजमान मी आयुष्यभर पाहिले आहेत. जननीला भेटायला मुलांना पाठवता का, असे विचारले की त्यांच्या मुलांचा पियानोचा वर्ग निघतो.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या मराठी मंडळींचा नवरात्राचा कार्यक्रम जवळ आला. दरवर्षी त्यात मुलांचे नाटुकले असे. अध्यक्ष एक बँकवाले गृहस्थ होते; फार पूर्वी आलेले, आता तेथलेच नागरिक. ते घरी येऊन म्हणाले, "गुरुजी, यंदा तुम्हीच लिहा आणि तुम्हीच बसवा. मुलांचं मराठी अगदी शुद्ध झालं पाहिजे. शेवटी संस्कृती टिकवायची तर भाषेतूनच, नाही का? सॉरी हं, एक कॉल घेतो."

मी कथा निवडली ती देवीच्या युद्धातील, ज्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडताच नवा राक्षस उपजतो त्या असुराची. कॉन्डोच्या सभाखोलीत तालीम सुरू झाली. देवी झालेली मुलगी "दुष्टा, तुझा अंत समीप आला आहे" या वाक्याचा असा काही अंत करी की राक्षसाला दया यावी. राक्षस झालेला मुलगा प्रत्येक वाक्यापुढे तेथल्या बोलीतला 'लाह' जोडी. मी ळ आणि ण यांचे उच्चार करून घेत होतो, आणि मुले माझ्याकडे दंतवैद्याकडे पाहावे तसे पाहत होती. त्यांच्या आया भिंतीशी बसून एकमेकींना सांगत, "घरी आम्ही मराठीच बोलतो हो!" आणि लगेच मुलाला म्हणत, "बेटा, स्टँड स्ट्रेट!"

महाशय एक दिवस तालमीला येऊन बसले. मी त्यांना कथा सांगितली. थेंबातून राक्षस हे ऐकताच ते खुर्चीवरून उठले. "एक नट आणि हजार राक्षस! प्रोफेस्सोरे, हा निर्माता कोण होता? फार हुशार माणूस." मग थोडा वेळ तालीम पाहून त्यांनी विचारले, "पण ही मुले बोलतात कशाला?"

"म्हणजे?"

"त्यांना आकडे म्हणू द्या. शब्द त्यांच्या आया म्हणतील. पडद्यामागून."

मी हबकलो. ज्याने शुद्धोच्चारासाठी जन्म वेचला, त्याच्यासमोर कोणी असे बोलावे? मी निषेधासाठी तोंड उघडणार तोच भिंतीशी बसलेल्या माता एकमुखाने म्हणाल्या, "अय्या, किती छान!" त्यांना मुलांच्या मराठीची चिंता होती हे खरेच, परंतु स्वतःला माइक मिळण्याची आशा त्याहून जुनी होती. देवीच्या आवाजासाठी तिघींत जे झाले त्यापुढे देवीचे मूळ युद्ध म्हणजे किरकोळ बाचाबाची. सूत्रधाराचा आवाज मात्र मीच ठेवला.

तेव्हापासून दिग्दर्शन महाशयांकडे गेले आणि मुले बदलली. देवी त्रिशूळ उगारून "इलेव्हन, ट्वेल्व्ह, थर्टीन!" असे गर्जू लागली आणि खरोखर भय वाटू लागले. "राग आकड्यात नसतो, भुवयांत असतो," असे ते तिला सांगत. रक्ताच्या थेंबांसाठी त्यांनी लहान मुलांची फौज घेतली आणि प्रत्येकाला घरचा लाल टी-शर्ट घालावयास सांगितले. राष्ट्रीय दिनाला सगळे लाल घालतात, त्यामुळे तो तेथे प्रत्येक घरात असतोच. प्रत्येक थेंबाला त्यांनी निराळे मरण शिकवले. कोणी गिरकी घेऊन मरे, कोणी आधी बसून मग मरे. माझी नात त्यांत सर्वांत लहान. ती घरी नाचत आली. "आजोबा! एव्हरीबडी डाय, ओन्ली मी नेव्हर डाय, लाह!"

मी महाशयांकडे गेलो. "हे काय ऐकतो?"

"शेवट," ते म्हणाले. "सगळे मेले. काळोख. शांतता. मग त्या ढिगातला एक थेंब डोळे उघडतो, उभा राहतो, प्रेक्षकांकडे बघतो. संपले."

"पण पुराणात एकही उरत नाही. देवी सर्व रक्त प्राशन करते."

"एकही उरत नाही?"

"एकही नाही."

"मग तुम्ही ही कथा दरवर्षी पुन्हा का वाचता?"

शास्त्रार्थात मी पुष्कळांना निरुत्तर केले आहे आणि त्याचा मला थोडा, नियंत्रणात ठेवलेला, अभिमान आहे. त्या दिवशी मी माझ्या संहितेतली शेवटची ओळ खोडली आणि म्हणालो, "ठेवा तो थेंब."

अध्यक्षांनी तालीम पाहिली तेव्हा ते हळहळले. "गुरुजी, सगळं मस्त आहे, पण शेवट जरा पॉझिटिव्ह हवा. राक्षस सॉरी म्हणतो आणि सगळे मिळून झाडं लावतात, असं काही? शिवाय प्रमुख पाहुणे स्पॉन्सर आहेत, फ्लॅट विकण्याची मोठी कंपनी आहे त्यांची. मुलांनी त्यांच्या बॅनरसमोर ओळीत उभं राहून नमस्कार केला तर फोटो चांगला येईल."

मी भाषांतर केले. महाशयांनी शांतपणे टोपी काढली. "सांगा त्यांना, माझे बाकी सगळे बदला. कपडे बदला. देवी बदला. शेवट नाही."

"बघू," अध्यक्ष हसून म्हणाले, "कार्यक्रमाच्या दिवशी ठरवू."

"याचे भाषांतर नको," महाशय मला म्हणाले. "हे वाक्य मला कुठल्याही भाषेत कळते."

कार्यक्रम तोआ पायोहच्या एका सभागृहात होता. पाहुणे उशिरा आले. म्हणून आपल्या संस्कृतीत वेळेला किती महत्त्व आहे यावरील अध्यक्षांचे भाषणही उशिरा झाले. नाटुकले रंगले. देवी आकडे म्हणत होती, तिच्या तोंडून तीन मातांपैकी विजयी ठरलेल्या मातेचे मराठी बाहेर पडत होते, आणि प्रेक्षक एकमेकांना सांगत होते, "बघा, इथं वाढलेली मुलं, पण काय भाषा आहे!" लाल थेंब एकेक करून कोसळले. मुख्य राक्षस पडला. आता काळोख व्हावयाचा होता.

तेवढ्यात पाहुण्यांनी घड्याळ पाहिले. अध्यक्षांनी पाहुण्यांना घड्याळ पाहताना पाहिले. ते उठले, मागच्यांना बॅनर आणण्याची खूण केली आणि टाळ्या वाजवीत मंचाच्या पायऱ्यांकडे निघाले. टाळ्यांना टाळ्या मिळतातच. सभागृह टाळ्या वाजवू लागले.

महाशय विंगेत दिव्यांच्या बटणांशी बसले होते. त्यांनी अध्यक्षांना येताना पाहिले आणि बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सवय होती. तो चेहरा मला पाहवला नाही.

सूत्रधाराचा माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, "सभ्य स्त्री-पुरुषहो, एक निवेदन. देवीच्या पाठाचा असा दंडक आहे की अध्याय मध्येच तोडू नये. तुटलाच, तर तो पहिल्यापासून पुन्हा म्हणावा लागतो. अध्यक्षमहोदय मंचाकडे येत आहेत. त्यांची तशी इच्छा असेल तर मुले तयार आहेत. आपण पहिल्या प्रवेशापासून आरंभ करू."

हा दंडक पाठाचा आहे, नाटुकल्याला तो लागू पडतो असे मी म्हणालो नाही. तो निष्कर्ष सभागृहाने स्वतंत्रपणे काढला. टाळ्या थांबल्या. अध्यक्षांचा एक पाय पायरीवर, एक जमिनीवर. मागून कोणा गृहिणीचा आवाज आला, "अहो, बसा ना खाली! पहिल्यापासून म्हणतायत!" दुसरा म्हणाला, "जेवण थंड होतंय!" आणि फ्लॅट विकणारे ते पाहुणे, ज्यांचे बालपण आजीच्या पोथीसमोर मांडी घालून गेले असावे, घड्याळ पाहत उठलेले, मुकाट्याने पुन्हा खुर्चीत बसले.

"चालू द्या, गुरुजी, चालू द्या," अध्यक्ष पुटपुटले.

मी विंगेकडे पाहिले. महाशयांनी बटण दाबले.

काळोख झाला. त्यांनी तो बराच वेळ ठेवला, इतका की लोकांना आपापला श्वास ऐकू यावा. मग खालून एक मंद तांबूस दिवा लागला. लाल ढिगातून माझ्या नातीने डोळे उघडले. ती उठली, अंगावरचा कोणाचा तरी हात बाजूला केला आणि समोर पाहू लागली. ओठ हलले नाहीत. एकही आकडा नाही. ती एकेका रांगेवरून नजर फिरवीत गेली, आणि ज्या रांगेवर ती येई त्या रांगेतील कुजबुज थांबे. पहिल्या रांगेवर ती जरा अधिक थांबली. दिवा विझला.

कोणी टाळी वाजवली नाही. मागे एक तान्हे मूल जोरात रडू लागले.

"रडले," काळोखातच विंगेतून माझ्याजवळ येऊन महाशय कानाशी म्हणाले. "बरोबर जागी रडले."

पुढच्या आठवड्यात मराठी मंडळाने त्या कार्यक्रमाचे चित्रमुद्रण सर्वांना पाठवले. त्यात राक्षस पडतो, तत्क्षणी सनई सुरू होते, आणि मुले बॅनरसमोर ओळीत नमस्कार करताना दिसतात. तो नमस्कार जेवणानंतर स्वतंत्रपणे घेण्यात आला होता. थेंबाचा मागमूस नाही. दिग्दर्शनाच्या जागी 'सांस्कृतिक समिती' असे लिहिलेले. मी संतापलो, अध्यक्षांना उद्देशून मनात एक अनुष्टुभ रचला, तो येथे देत नाही. महाशय त्या रविवारी आमच्याकडे थालीपीठ खायला आले तेव्हा मी ते त्यांच्यापासून लपवीत होतो. परंतु नातीने त्यांच्यापुढे फोन धरला. "सी, अंकल, दे कट मी!"

त्यांनी ते दोनदा पाहिले. "जोड स्वच्छ आहे," ते म्हणाले. "ज्याने केली त्याच्या हातात कसब आहे. तीस वर्षांपूर्वी भेटता तर कामावर घेतला असता."

"महाशय, मला लाज वाटते."

"का? त्या दिवशी कोणी उठून गेले का?"

"नाही."

"दिवा विझेपर्यंत सगळे बसले होते?"

"सगळे. पाहुणेसुद्धा."

"मग हे त्यांचे," फोनकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आणि ते माझे." त्यांनी थालीपिठावर लोण्याचा आणखी एक गोळा मागून घेतला. सुनेला त्यांच्या कोलेस्टेरॉलची काळजी होती. तिने छोटा दिला. त्यांनी मोठा मागितला, आणि तिने तोही दिला.

पुढच्या वर्षी कन्येची बदली झाली आणि ते रोमला परतले. मीही पुण्याला आलो. मुलगा अधूनमधून कळवतो की नवरात्राच्या नाटुकल्यात आता राक्षस सॉरी म्हणतो.

हे वाचणाऱ्या, तुझे आणि तुझ्या घरातील सर्वांचे जगदंबा रक्षण करो. तुझ्या चुलीवरचे अन्न निवण्यापूर्वी पानात पडो. तुझी मुले ज्या भाषेत रागावतील त्याच भाषेत तुझ्यापाशी येऊन हसोत. तुझ्या घरी कोणी वृद्ध असेल, तर त्याला कोणीतरी काही काम सांगो, आणि ते त्याला त्याच्या मनासारखे पुरे करू देवो. शुभं भवतु.